कोऱ्या जागेचा अर्थ : पक्ष्यांच्या पुस्तकांतील नकाशांचे परीक्षण

पक्षी ओळखण्यासाठी लिहिलेले अलीकडचे कोणतेही चांगले पुस्तक उघडले, की एका पानावर रंगीत चित्रे, समोरच्या पानावर वर्णन आणि वर्णनाशेजारी अंगठ्याच्या नखाएवढा भारतीय उपखंडाचा नकाशा दिसतो. एक रंग बारमाही राहणाऱ्या पक्ष्यासाठी, दुसरा हिवाळी पाहुण्यासाठी, तिसरा विणीपुरता येणाऱ्यासाठी. ज्या भागाला रंग नाही, तिथे तो पक्षी नाही असे वाचकाने समजायचे. चित्रे कशी उतरली आहेत, मराठी नावे बरोबर आहेत का, यावर परीक्षणांत बरेच लिहिले जाते. नकाशाविषयी मात्र कुणी काही बोलत नाही. नकाशा म्हणजे जणू सरकारी मोजणी, तिच्यावर शंका कसली घ्यायची?

आम्हाला ही शंका घ्यावीशी वाटते, आणि ती हिंगोली जिल्ह्यात उभे राहून घ्यावीशी वाटते. कारण पुस्तक आणि शिवार यांत फरक पडला, की आपल्या वर्गातली मुले शिवारावर अविश्वास दाखवतात. “सर, नकाशात नाही, म्हणजे आपल्याकडे हा पक्षी नसणार,” हे वाक्य विज्ञानाच्या शिक्षकाने सहज सोडून देऊ नये. निरीक्षणापेक्षा छापील कागद मोठा, असा धडा मूल त्यातून शिकत असते.

नखाएवढा नकाशा

प्रथम साधे गणित करू. ते आठवीचा विद्यार्थीही करील. भारताची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर. नकाशात ती अडीच सेंटीमीटर, म्हणजे २५ मिलिमीटर असेल, तर १ मिलिमीटर म्हणजे १२८ किलोमीटर. एक चौरस मिलिमीटर म्हणजे सोळा हजार चौरस किलोमीटरहून थोडे जास्तच. हिंगोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण साडेचार हजार चौरस किलोमीटर. म्हणजे औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली हे पाचही तालुके मिळून एका चौरस मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागात बसतात. छपाईत रंग केसभर सरकला, तर अख्खा जिल्हा रंगातून कोऱ्यात किंवा कोऱ्यातून रंगात जातो.

एवढ्या लहान नकाशाने काही खोटे सांगितले असे नाही. पक्षी हिमालयातला की सह्याद्रीतला, वाळवंटातला की किनाऱ्यावरचा, हे तो एका नजरेत सांगतो, आणि हे त्याचे मोठेच गुण आहेत. पण ‘आमच्या तळ्यावर हा दिसेल का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्याची ताकद नाही. तरीही पुस्तके त्याची कड इतकी रेखीव काढतात, की ती जिल्ह्याची हद्द वाटावी. आमचा पहिला आक्षेप या रेखीवपणावर आहे. ज्याची खात्री शंभर किलोमीटर इकडेतिकडे आहे, त्याची रेघ धारदार काढणे म्हणजे मापनातली अनिश्चितता लपवणे. प्रयोगवहीत विद्यार्थ्याने असे केले, तर आपण गुण कापतो.

रंग भरला कुणी?

दुसरा प्रश्न असा, की हा रंग भरण्यासाठी माहिती आली कुठून?

मराठवाड्यापुरते त्याचे एक महत्त्वाचे उत्तर आहे. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद राज्याची पक्षी-पाहणी केली आणि तिचे वृत्तान्त १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह प्रसिद्ध झाले. ते काम फार मोलाचे आहे. तथापि राज्याचा विस्तार सुमारे २ लाख १४ हजार चौरस किलोमीटर होता आणि त्यात एका लहानशा तुकडीने काही मोजक्या ठिकाणी तळ ठोकून नोंदी केल्या होत्या. मुक्काम पडला तिथली माहिती मिळाली. मधला मुलूख अंदाजाने भरायचा राहिला.

पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ले यांचा भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात आला. या ग्रंथाचे आम्हाला विशेष वाटते ते असे, की त्यात आढळ प्रामुख्याने शब्दांत सांगितलेला आहे. पक्षी सर्रास दिसतो की क्वचित, कोणत्या हंगामात, कशा जागी, हे तिथे वाचायला मिळते. शब्दांना ‘बहुधा’, ‘तुरळक’, ‘स्थानिक हालचाल करणारा’ असे म्हणता येते. रंगाच्या ठिपक्याला ‘बहुधा’ म्हणता येत नाही. रिचर्ड ग्रिमेट, कॅरोल इन्स्किप आणि टिम इन्स्किप यांच्या १९९८ च्या पुस्तकापासून नकाशे घरोघरच्या पक्षीनिरीक्षकांच्या हाती आले आणि ओळख पटवणे पुष्कळ सोपे झाले. हे उपकार मान्य करूनच आम्ही म्हणतो, की शब्दांतला ‘बहुधा’ नकाशात येताना गळून पडला.

शिवाय पाहणीनंतर जमीनही तशीच राहिली नाही. १९३२ साली या भागात मोठे जलाशय नव्हते. पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली आणि पैनगंगेवरचे इसापूर त्यानंतर आले. ज्या खोऱ्यांत पूर्वी उन्हाळ्यात नदीचे डोह तेवढे उरत, तिथे आता मैलोगणती पाणी आणि ओसरत्या पाण्यामागे उघडा पडणारा गाळपेर आहे. बदके, चिखले पक्षी, सुरय यांच्या दृष्टीने हा नवाच प्रदेश तयार झाला. उलट माळरान नांगराखाली गेले, रब्बी ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर खरिपाच्या सोयाबीनने घेतली. नकाशा कोणत्या सालच्या जमिनीचा आहे, हे त्याच्या खाली कुणी छापत नाही.

जुन्या नोंदी शोधणाऱ्या शिक्षकांसाठी एक सूचना. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीची नोंद ‘परभणी’ या नावाखाली असणार, १९५६ पूर्वीची हैदराबाद राज्यात, आणि त्याहून जुनी असेल तर नुसत्या ‘दख्खन’ या शब्दाखाली. सूचीत ‘हिंगोली’ सापडले नाही म्हणून इथे कुणी काही पाहिलेच नव्हते, असा निष्कर्ष काढू नये.

एका खोट्या चिठ्ठीने काय केले

नकाशातला एखादा ठिपका चुकीचा असला तर बिघडते काय, असे कुणाला वाटेल. रानपिंगळ्याची हकीकत त्यासाठी सांगायला हवी. ती महाराष्ट्रातलीच आहे.

या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्याचे जे सात खरे नमुने संग्रहालयांत होते ते सगळे १८७२ ते १८८४ या काळातले. त्यांपैकी काही खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने मिळवले होते. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच होता : कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातला एक नमुना. त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती, की तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. त्या चिठ्ठीने आढळक्षेत्र पश्चिमेकडे ताणले, ‘शेवटची नोंद’ तीस वर्षांनी पुढे आणली आणि शोध घेणाऱ्यांना भलत्या दिशेने नेले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायनर्ट्‌झहागेन यांचे नमुने बारकाईने तपासले. पिसांची मांडणी, आतला कापूस, शिवण्याची पद्धत पाहिली. हा रानपिंगळा मुळात डेव्हिडसनचाच होता. तो लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता. मांडवीचा ठिपका पुसला गेला आणि खऱ्या जुन्या जागा तेवढ्या उरल्या. त्या जागांच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शोधाला निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी!

पुढे मेळघाटात आणि यावलच्या जंगलात तो सापडला, आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही. म्हणजे कोरी जागा दोन प्रकारे फसवत होती. मांडवीला पुरावा खोटा होता, तरी तिथे ठिपका पडला. तानसाला पक्षी होता, पण कुणाला दिसला नव्हता म्हणून ती जागा कोरी राहिली. रासमुसेन आणि अँडर्टन यांनी २००५ मध्ये दक्षिण आशियातील पक्ष्यांवरचे पुस्तक काढले, तेव्हा केवळ मायनर्ट्‌झहागेन यांच्या शब्दावर टिकून असलेल्या नोंदी त्यांनी विश्वसनीय धरल्या नाहीत. नकाशाच्या प्रत्येक ठिपक्याला ‘तुझा साक्षीदार कोण?’ असे विचारणे हीच पक्ष्यांच्या पुस्तकाची खरी कसोटी आहे.

रंगात काळ दिसत नाही

तिसरा आक्षेप स्थलांतराविषयी. शाळेत स्थलांतर म्हटले की सायबेरिया, थंडी आणि पाण्यावरची बदके एवढेच डोळ्यांपुढे येते. पुस्तकांतला ‘हिवाळी पाहुणा’ हा एकच रंग ती समजूत घट्ट करतो.

भोरडीचे पाहा. ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला ती पुस्तकाशिवाय माहीत आहे. गोफण फिरवून त्याचा हात दुखलेला असतो. ही मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या गवताळ प्रदेशात वीण करणारी, पण तिचे पहिले थवे भारतात जुलै-ऑगस्टमध्येच येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. कणसात दाणा भरला की शेतात, पळस-सावर फुलली की झाडावर. तिला ‘हिवाळी’ म्हणणे म्हणजे वर्षाचे आठ-नऊ महिने हिवाळ्यात घालणे आहे.

चातक याच्या उलट. तो मृगाच्या सुमाराला येतो, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो आणि पाऊस सरला की निघून जातो. नवरंग तर देशातल्या देशातच स्थलांतर करतो. हिवाळा दक्षिणेकडे काढून पावसाच्या तोंडाशी तो मध्य भारतातल्या जंगलांकडे विणीसाठी सरकतो. वाटेत एखाद्या शाळेच्या आवारात दमून उतरलेला सापडला, की वर्तमानपत्रात ‘दुर्मीळ पक्षी’ म्हणून बातमी येते. तो दुर्मीळ नसतो, वाटसरू असतो. वाटसरूंचा रंग आपल्या पुस्तकांत सर्वांत अशक्त, कारण जो दोन दिवसच थांबतो त्याची नोंद होण्यासाठी पाहणारा बरोबर त्याच दोन दिवशी तिथे हवा. अमूर ससाण्याचे उदाहरण ताजे आहे. २०१३ पासून नागालँड व मणिपुरात काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली गेली. ते भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून सोमालियाकडे जाताना दिसले. त्यांचे मार्ग महाराष्ट्रावरूनही गेले. डोक्यावरून नोव्हेंबरमध्ये हे प्रवासी जात असतात आणि खाली आपण नकाशात रंग नाही म्हणून वर पाहत नाही.

अमेरिकेतले आपले ओळखीचे पक्षी

आढळक्षेत्र ही स्थिर वस्तू नाही, हे शिकवायला अमेरिका खंडांइतकी उत्तम उदाहरणे दुसरीकडे नाहीत. आणि गंमत अशी, की तिथल्या नकाशांत सर्वांत मोठी खळबळ उडवणारे दोन पक्षी हिंगोलीच्या कोणत्याही शिवारात भेटतील अशा घराण्यातले आहेत.

पहिला गायबगळा. आपल्याकडे बैलामागे आणि आता ट्रॅक्टरमागे चालणारा. त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद (अलीकडे तज्ज्ञ या दोघांना स्वतंत्र जाती मानू लागले आहेत) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पोचला. कुणी नेला नाही, तो स्वतः गेला. तिथे जंगल तोडून गुरांची कुरणे झाली होती. म्हणजे त्याचा चरितार्थ त्याच्याआधीच पोचला होता. १९४१ मध्ये तो फ्लोरिडात दिसला, १९५३ मध्ये तिथे घरटी सापडली आणि पुढच्या काही दशकांत तो अमेरिकेचा सामान्य पक्षी होऊन बसला.

दुसरा कंठवाला होला. विसाव्या शतकात त्याने बाल्कन प्रदेशातून सारा युरोप व्यापला. १९५५ मध्ये इंग्लंडात वीण केली. १९७० च्या दशकात बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटलेले होले १९८० च्या दशकात फ्लोरिडात पोचले. तिथे एक मजा झाली. हा पक्षी ‘आपल्याकडे नसतो’ हे पक्के ठाऊक असल्याने तिथले निरीक्षक त्याला काही वर्षे पाळीव होला समजत राहिले. पक्षी डोळ्यांपुढे, पण नकाशाने डोळे झाकलेले! आज तो अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आहे.

तरीही अमेरिकेतले नकाशे आपल्यापेक्षा भरवशाचे आहेत, आणि त्याचे कारण महागडी यंत्रे नव्हेत. १९६६ पासून तिथे विणीच्या हंगामातली रस्त्यावरची पक्षीगणना चालू आहे. पद्धत कुणालाही जमेल अशी : ठरलेला रस्ता, त्यावर ८०० मीटर अंतराने पन्नास थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, दिसेल व ऐकू येईल तो पक्षी मोजायचा. दर वर्षी तोच रस्ता. या गणनेत ‘दिसला’ इतकीच ‘पाहिले, पण दिसला नाही’ ही नोंद मोलाची असते. अशा दीर्घ नोंदींच्या आधारेच १९७० नंतर उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, हे २०१९ मध्ये सांगता आले. नामशेष न होता, नकाशाचा रंग जवळजवळ न बदलता, एवढे पक्षी गेले! नुसता रंग पाहणाऱ्याला हा ऱ्हास कधीच कळला नसता.

कोऱ्या जागेचे दोन अर्थ

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. नकाशातल्या कोऱ्या जागेचे दोन अर्थ असतात : ‘पाहिले, पण नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’. आपली पुस्तके दोन्हींसाठी एकच पांढरा कागद वापरतात. आमच्या मते हा या नकाशांचा सर्वांत मोठा दोष.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘ईबर्ड’ या नोंदव्यवस्थेचे नकाशे या बाबतीत पुढे आहेत. निरीक्षकांच्या पूर्ण याद्यांवरून आठवड्या-आठवड्याचा आढळ त्यात काढला जातो आणि जिथे माहिती पुरेशी नाही तो भाग वेगळा राखाडी दाखवला जातो. छापील पुस्तकांनी एवढे तरी उचलावे. मात्र तिथेही नोंदी शहरांभोवती, अभयारण्यांत आणि डांबरी रस्त्यांच्या कडेला दाटतात. पुण्या-मुंबईच्या मानाने हिंगोलीतले निरीक्षक थोडे, म्हणून इथला आढळ पुष्कळदा दूरच्या नोंदींवरून अनुमानाने काढावा लागतो.

याची झळ केवळ पुस्तकाला बसत नाही. एखाद्या माळावर किंवा तळ्यावर प्रकल्प यायचा असतो, तेव्हा ‘इथे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध नोंदींतूनच शोधले जाते. नोंद नसलेला माळ हा पक्षी नसलेला माळ ठरायला वेळ लागत नाही. २०२३ चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, पण दीर्घकालीन कल सांगता आला तो ३३८ जातींचाच. बाकीच्यांसाठी पुरेशी जुनी, पुरेशी विखुरलेली माहिती नव्हती. ही उणीव जितकी शास्त्रज्ञांची तितकीच आपल्या गावांची आहे.

शिक्षकांनी काय करावे?

केरळाने मार्ग दाखवला आहे. २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून, प्रत्येक निवडलेल्या चौकोनात पावसाळ्यात आणि उन्हाळ्याआधी जाऊन पक्षी-नकाशासंग्रह पुरा केला. त्यातले बहुतेक जण साधे हौशी निरीक्षक होते.

हिंगोलीतल्या एका शाळेला एवढे नको. एक जागा ठरवावी : शाळेचे आवार, गावतळे किंवा कयाधूचा काठ. आठवड्यातून एक दिवस, तीच वेळ, पंधरा मिनिटे. दिसलेले सर्व पक्षी, संख्येसह लिहावेत. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे, ठोकून द्यायचे नाही. काहीच दिसले नाही तर ‘शून्य’ लिहावे, दिवस गाळायचा नाही. भोरडीचा पहिला थवा कोणत्या तारखेला आला, शेवटचा कधी गेला, चातकाची हाक प्रथम कधी ऐकली, या तीन तारखा दर वर्षी फळ्याशेजारच्या तक्त्यावर लिहाव्यात. ज्वारीचा पेरा घटल्यावर भोरड्यांच्या तारखा बदलतात का, संख्या घटते का, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर ज्वारीच्या गावातल्या शाळेइतके चांगले कुणी देऊ शकणार नाही.

वर्षाअखेरीस त्या वहीशेजारी पुस्तकातले नकाशे उघडावेत आणि मुलांना प्रत्येक नकाशाला तीन प्रश्न विचारायला सांगावे. हे कुणी पाहिले? कधी पाहिले? आणि जिथे कोरे आहे, तिथे कुणी पाहिले होते का?

पुस्तकांच्या लेखक-प्रकाशकांकडे आमची मागणीही एवढीच माफक आहे. नकाशाखाली माहितीचा काळ छापावा. कड धारदार न काढता विरत जाणारी काढावी. वाटसरू पक्ष्यांना महिने द्यावेत. आणि ‘माहिती नाही’ यासाठी वेगळी खूण ठेवावी. जागा पुरत नाही हे कारण आम्हाला पटत नाही, कारण एका राखाडी छटेला जागा लागत नाही. तोपर्यंत ही पुस्तके जरूर विकत घ्यावीत, दप्तरात न्यावीत आणि चित्रांवर भरवसा ठेवावा. नकाशे मात्र पेन्सिल हातात घेऊन वाचावेत.